पोट बघ, तोंड काय बघतीस?

दसरा-दिवाळी झाली की माण-फलटणकडचे धनगरांचे वाडे कोकणाच्या नाहीतर पुण्याच्या वाटेला लागतात. आम्ही घरीच असतो. आमची विसेक मेंढरं, थोडी विहिरीवरची शेती आणि बांधावरची शेवरी, एवढ्यावर भागतं. इथल्या दख्खनी मेंढ्यांचं मुख्य वेत याच दिवसांत येतं. मृगाच्या पावसानं माळावर गवत फुटतं, मेंढ्या अंगानं सुधारतात, माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, ऐन थंडीत, कोकरं जमिनीवर पडतात.

मोठ्या कळपाच्या मालकाला दोन-चार कोकरांचा तोटा सोसता येतो. लहान कळपात तेवढ्यानं वर्षाचा हिशेब बिघडतो. उलट प्रत्येक मेंढी आपल्या ओळखीची असते, तिची आई कोण हेही ठाऊक असतं, हा लहान कळपाचा मोठा फायदा. नव्यानं मेंढ्या पाळणारी मुलं-मुली हल्ली विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

१. कोकरू रोगानं कमी आणि उपासानं जास्त मरतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दगावणाऱ्या कोकरांविषयी बोलतेय. लोक म्हणतात दृष्ट लागली, कुणी म्हणतं जन्मतःच नाजूक होतं. बहुतेक वेळा त्याच्या पोटात दूधच गेलेलं नसतं. उपाशी कोकरू गारठतं, गारठलं की त्याला चोखायचं बळ राहत नाही, मग आणखी उपास. ध्यानात येऊन काही करायला हातात फार तर चार-सहा तास असतात.

शेजारच्या वस्तीवर एक धनगर आजी आहेत. पहिल्या वर्षी मी नव्या कोकराचं काळं-पांढरं कौतुक करत बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट बघ त्येचं. त्वांड काय बघतीस?"

पोट बघायचं ते हातानं. कोकराला पुढच्या पायांमागून दोन्ही हातांत धरून उचलायचं आणि बोटं बरगड्यांच्या मागं सरकवायची. प्यालेलं पोट गोल, घट्ट लागतं. रिकामं असेल तर बरगडी संपताच बोटं आत बुडतात, मध्ये काही लागतच नाही. दुसरी खूण अशी, की झोपलेलं कोकरू उठवायचं. पोट भरलेलं कोकरू उठलं की आधी पाठ ताणून आळोखेपिळोखे देतं. उपाशी कोकरू चारी पाय एका जागी गोळा करून, पाठीला पोक काढून, मान खाली घालून उभं राहतं. सारखं ओरडणाऱ्या कोकराची मी कमी काळजी करते. ओरडून थकून गप्प झालेलं कोकरू आधी उचलते.

आणखी एक फसवी गोष्ट. कोकरू कासेला सारखं ढुसण्या देतंय, शेपटी हलवतंय, म्हणजे ते पितंयच असं नाही. दूध मिळालेलं कोकरू थोड्या वेळानं सड सोडून निजतं. जे तासभर ढुसण्याच देत राहतं त्याला बहुधा काही मिळत नसतं.

२. वेताची तयारी शेवटच्या सहा आठवड्यांत करायची.

मेंढी १४७ ते १५० दिवसांनी विते. कोकराच्या जन्मवेळच्या वजनातली सुमारे ७० टक्के वाढ त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते. अडचण अशी, की याच काळात गर्भाशय एवढं पसरतं की चाऱ्याला पोटात जागा उरत नाही. नुसत्या कडब्यावर आणि वाळल्या गवतावर मेंढीचं पोट भरतं, पण तिला पुरत नाही. म्हणून या दिवसांत रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यायचा. आमच्याकडे मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि क्षारमिश्रण. जुळ्यांची शंका असेल तिला थोडं जास्त.

कुठल्या मेंढीला किती, हे डोळ्यांनी ठरवू नये, लोकर फसवते. कमरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हात दाबून फिरवायचा. हाडांची टोकं बोटांना टोचली तर ती वाळलीय. दाबूनही हाड लागलं नाही तर ती माजलीय, आणि तेही चांगलं नाही. पोटात जुळी असलेली लठ्ठ किंवा अगदी रोड मेंढी शेवटच्या दिवसांत एकाएकी खाणं सोडते, कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, दिसत नसल्यासारखी भिंतीला टेकते. तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. हा गाभणपणातला विषार आहे, उद्यावर टाकायचा नाही. घरात गूळ असतोच, गुळाचं पाणी ठसका लागणार नाही अशा बेतानं पाजायचं आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायचा.

३. विणारी मेंढी आदल्या दिवशीच सांगते.

कास भरून तकाकते, सड ताठ होतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात आणि पोट खाली उतरल्यामुळे कुशीत खोबण दिसते. वेळ अगदी जवळ आली की ती कोपरा धरते, पुढच्या पायानं जमीन उकरते, बसते, उठते. काही मेंढ्या दुसरीचंच कोकरू चाटायला लागतात. अशीला लगेच वेगळी बांधायची, नाहीतर ती आपलं जन्मायच्या आत परक्याचं कोकरू आपलं म्हणून बसते आणि मग दोन्हीकडे घोळ होतो.

४. हात पाठीमागं बांधून उभं राहायला शिकायचं.

हे मला सगळ्यात अवघड गेलं. दहातल्या नऊ मेंढ्यांना आपली गरज नसते. पाण्याची पिशवी फुटली, आधी दोन खूर दिसले आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, की बाजूला व्हायचं. पहिलटकरीण वेळ घेते, तिला घेऊ द्यायचा. आपण वाकून वाकून बघितलं की ती उठते, जागा बदलते आणि कळा लांबतात.

मधे पडायचं कधी? जोरानं कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि काहीच पुढं सरकलं नाही तर. नुसतं डोकं बाहेर आलंय आणि पाय मागं राहिलेत तर. एकच पाय दिसतोय किंवा नुसती शेपटी लागतेय तर. पायाळू कोकरू, म्हणजे मागचे दोन पाय आधी आलेलं, पुष्कळदा सुखरूप निघतं, पण तिथं नाळ आत दबते म्हणून अर्धं निघाल्यावर थांबायचं नाही. नखं कापलेली, हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले आणि बुळबुळीत हवेत. ओढायचं ते तिच्या कळेबरोबरच, आणि दिशा सरळ मागं नाही, खाली, तिच्या टाचांकडे. कळ थांबली की आपणही थांबायचं. आत काय आहे ते हाताला उमगत नसेल तर जोर लावू नका, गाडी मागवा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

एक मत सांगते, पटेल त्यांनी घ्यावं. जत भागातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याची सध्या मोठी हवा आहे. राघूसारखं बाकदार नाक, उंच अंग, बाजारात त्याला किंमतही तशीच. पण बारक्या चणीच्या पहिलटकरणीवर असला मेंढा घालू नये. कोकरू मोठं असतं आणि ते बाहेर काढायचं काम शेवटी आपल्यावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेताला हौस करा.

५. चीक तासाभरात पोटात गेला पाहिजे.

कोकरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढायचा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवायची, शिंकलं की काम झालं. मग ते आईच्या तोंडापुढं ठेवायचं. फडक्यानं पुसून लख्ख करू नका, त्या वासावरच ती त्याला ओळखणार असते. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. बाटलीच्या टोपणात औषध घेऊन टोपण बेंबीला दाबून धरलं की नीट भिजते.

यानंतर आमच्या आजींचं दुसरं वाक्य. "कासंला हात घाल आदी." सडाच्या तोंडाला मेणासारखा डाट बसलेला असतो. दोन्ही सडांतून एकेक धार काढून तो मोकळा करायचा. पहिलटकरणीचं कोकरू तासभर चोखत राहतं आणि दूध येत नाही, याचं कारण बहुतेकदा हा एवढासा डाट असतो. धार काढताना कास गरम, कडक किंवा गाठाळ लागली तर तेही तिथंच कळतं.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद जवळपास शून्य असते. ती चिकातूनच मिळते आणि त्याचं आतडं ती फार थोडे तास शोषून घेऊ शकतं. पहिल्या सहा तासांत उत्तम, बारा तासांनंतर बेताचं, दिवस उलटला की दार बंद. किलोमागं एका वेळी ५० मिलि, दिवसभरात २०० मिलि एवढा हिशेब पाठ असावा. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात अर्धा लिटर झाला. हे ऐकून पुष्कळजण चकित होतात, कारण ते चमचा-दोन चमचे पाजून समाधानी झालेले असतात.

जिचं कोकरू दगावलं किंवा जिला चीक जास्त आहे तिचा काढून लहान बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. शेळीचा चीकही चालतो. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करायचा. तापवायचा मात्र नाही. तापवला की त्याचा खरवस होतो आणि खरवस कोकराच्या काही कामाचा नाही. आमच्या घरी दर वर्षी कुणीतरी त्या बाटल्यांकडे आशेनं बघतं. त्यांनी गाय व्यायची वाट बघावी.

६. गार कोकराला आधी ऊब, मग दूध.

कोकराच्या तोंडात बोट घालून बघायचं. आतून ऊबदार लागलं तर बरं. गार लागलं तर ते धोक्यात आहे. थर्मामीटर असेल तर उत्तम, चांगल्या कोकराचं तापमान १०२ ते १०४ फॅरेनहाइट असतं. ९९ च्या खाली गेलेल्या, मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात दूध ओतू नये. त्याला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. आधी कोरडं करून घोंगडीत गुंडाळायचं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही बाजूंना ठेवायच्या, मान उचलायला लागलं की पाजायचं. जन्मून पाच-सहा तास उलटलेलं असेल तर ग्लुकोज लागतं, ते डॉक्टरांनी द्यायचं. जुना पिवळा बल्ब मिळत असेल तर वर उंच टांगावा, पण कडब्यापासून लांब. बंद खोपटात शेकोटी पेटवू नये, धुरानं कोकरांची छाती भरते.

माळावर थंडीपेक्षा वारं वाईट. शेड चारी बाजूंनी बंद करायची गरज नाही. कोकरांच्या उंचीपर्यंत, दोन-अडीच फूट, गोणपाट किंवा तुराट्यांचा कूड घातला की पुरतं. वरून हवा खेळती राहिलीच पाहिजे. खाली कोरडं भुसकट. ओलं अंथरूण आणि मुताचा वास म्हणजे पुढच्या आठवड्यातला खोकला.

७. जुळी हवीत का, हे आधी ठरवा.

दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, सुंदरबनातल्या गारोल नावाच्या चिमुकल्या मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. या जनुकाची कथा गमतीची आहे. ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक आहे आणि ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजावरून गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिकडे पोचलं असं मानतात. गारोल स्वतः अगदी बारकी, म्हणून तिचा आकार न घेता तेवढा एक गुण उचलायचा, यात या कामाची खुबी आहे.

आमच्याकडेही या रक्ताच्या काही मेंढ्या आहेत. माझं मत विचाराल तर जुळी देणारी मेंढी चारा असलेल्या घरची. दोन कोकरं म्हणजे दोन बारकी कोकरं, दूध मात्र एकाच कासेचं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यानं, किंवा रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या वाड्यानं, हिशेब करून मगच हिच्या वाटेला जावं. ज्याच्याकडे बांधाला शेवरी-सुबाभूळ आहे, वाफ्यात लसूणघास आहे आणि वेताला माणूस घरी आहे, त्याला ही मेंढी लाभते.

जुळ्यांत घोटाळा होतो तो दुसऱ्या कोकराच्या वेळी. पहिलं उठून चालू लागतं, मेंढी त्याच्यामागं जाते आणि दुसरं दुसरीकडेच पडतं. म्हणून चार बाय पाच फुटांचा कप्पा करून आई आणि दोन्ही कोकरं दोन-तीन दिवस त्यातच ठेवायची. तिनं एकाला मारलं, झिडकारलं तर तिला आखूड दाव्यानं बांधून दिवसातून पाच-सहा वेळा ते कोकरू पाजायचं. बहुतेक मेंढ्या दोन-तीन दिवसांत वठणीवर येतात. पोरकं कोकरू दुसरीला लावायचं असेल तर ती विते त्याच घटकेला, तिच्याच वारेतल्या पाण्यात माखून, तिच्या नाकापुढं ठेवायचं. नंतर केलेले उपाय क्वचित साधतात.

८. वार ओढायची नाही. तिची ती पडते, बहुधा काही तासांत. दुसऱ्या दिवशीही लोंबत राहिली तर डॉक्टर. पडलेली वार खोल पुरायची. एकदा कुत्र्यांना तिची चटक लागली की ती विणाऱ्या मेंढीपाशी येऊन बसतात.

९. सगळ्यात गुबगुबीत कोकरू अचानक मरतं, त्याला आंत्रविषार म्हणतात.

संध्याकाळी उड्या मारणारं, अंगानं भरलेलं, आईला भरपूर दूध असलेलं कोकरू सकाळी पाय ताठ करून पडलेलं सापडतं. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय येतो. कारण आतड्यातच असतं. भरपूर दूध किंवा कोवळा चारा एकदम पोटात गेला की तिथले जंतू भराभर वाढून विष सोडतात. यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर तिचा फायदा चिकातून कोकराला जातो. पावसाळ्यापूर्वी सगळेच टोचून घेतात, वेतापूर्वीची ही मात्रा बहुतेकजण चुकवतात. पीपीआरची लस कोकरं तीन-चार महिन्यांची झाल्यावर.

१०. मेंढपाळ म्हटलं की डोळ्यांपुढं काठी घेतलेला बाप्या येतो.

रानात तोच असतो. पण वाड्यावर मागं कोण राहतं? सकाळी मेंढरं चरायला गेली की कोकरं वाघरीत नाहीतर डालग्याखाली बायकांच्या हवाली. कोणत्या मेंढीला दूध कमी, कुणाचं कोकरू ढाळतंय, कुणाला शेळी लावायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मुक्काम हलतो तेव्हा चालता न येणारी कोकरं घोड्यावर चढवायची, तेही त्याच बघतात. मी पुस्तकातून आणि शिबिरांतून जे शिकले त्यातलं अर्धं आजींना आधीच ठाऊक होतं. फरक एवढाच, की शिबिराच्या हजेरीपटावर घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव असतं. शिबिरं भरवणाऱ्यांनी एकदा तरी ती दुपारच्या वेळी, वाड्यावर भरवावीत.

११. बाटलीवरचं कोकरू घरात लाडकं होतं, आणि पुढं डोक्याला ताप.

पोरक्या कोकराला शेळीचं दूध मानवतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याला आपल्या पायांवर उभं करून पाजायचं, बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन नाही. बाटली दर वेळी गरम पाण्यानं धुवायची. पंधराव्या दिवसापासून शेवरीचे डहाळे त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगायचे आणि क्षारांची वीट ठेवायची, म्हणजे ते माती चाटत नाही. मादी असेल तर लाड करा. नराला माणसाची भीती राहिली नाही तर वर्षभरात तो मागून येऊन कमरेत धडक देतो, आणि आपण त्याला हौसेनं शिकवलेली ढुशी तो विसरलेला नसतो.

१२. वही लिहा.

मेंढीचा नंबर, विण्याची तारीख, एक की जुळी, वजन, आई कशी वागली. वजनाला ताणकाटा आणि पंचाची झोळी पुरते. आई आणि तिचं कोकरू यांच्या कुशीवर गेरूनं एकच आकडा घालायचा, म्हणजे लांबून कोण कुणाचं ते कळतं. दोन वर्षांनी ही वही मेंढ्यांची निवड आपोआप करून देते. दिसायला देखणी पण सलग दोन वेतांत कोकरू झिडकारणारी मेंढी लोणंदच्या बाजारात जाते, आणि किरकोळ अंगाची पण दोन्ही कोकरं अंगावर वाढवणारी घरी राहते. तिच्या पोटची मादी विकायची नाही, गिऱ्हाईक कितीही देत असलं तरी.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी शेवटचं. मेंढा वर्षभर कळपात ठेवू नका. मेंढी दर १७ दिवसांनी माजावर येते, म्हणून पाच आठवडे मेंढा सोडला तर प्रत्येकीला दोन संधी मिळतात आणि सगळं वेतही पाच-सहा आठवड्यांत आटपतं. १ जुलैला सोडलात तर पहिलं कोकरू २५ नोव्हेंबरच्या आसपास येईल. म्हणजे खुराक १४ ऑक्टोबरपासून आणि आंत्रविषाराची लस २५ ऑक्टोबरला. या चारही तारखा मेंढा सोडाल त्याच दिवशी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, आणि टिंक्चर आयोडीनची बाटली दिवाळीच्या बाजाराबरोबरच आणा. रात्री दोन वाजता औषधाचं दुकान उघडं नसतं.